पाचवी मुलगी

"ती कुठेय?" धाकट्याने विचारलं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅमच्या केली इन्ग्रॅम पार्कच्या कोपऱ्यावर चार मुलींचं शिल्प आहे, त्याच्याभोवती तो केव्हाचा घिरट्या घालत होता. एक मुलगी बाकावर पुस्तक घेऊन बसलेली. एक उभी, बाकीच्यांना समोरच्या चर्चकडे चला म्हणून खुणावणारी. एक गुडघ्यावर बसून पुढचीच्या फ्रॉकचा पट्टा मागून बांधतेय, आणि जिचा पट्टा बांधला जातोय ती हात वर करून कबुतरं सोडतेय. धाकट्याने बाकाखाली वाकून पाहिलं, मागे जाऊन पाहिलं. "पुस्तकातली मुलगी कुठेय?" त्याच्या ताईने सांगितलं, "ती वाचली ना, म्हणून ती इथे नाही." त्याला ते लगेच पटलं आणि तो कबुतरं मोजायला लागला. माझ्या मनात मात्र ते वाक्य अडकून बसलं. वाचली, म्हणून इथे नाही.

पुस्तक लेकीला शाळेत लावलं होतं. मिशिगनमधलं एक कृष्णवर्णीय कुटुंब १९६३ च्या उन्हाळ्यात आजीकडे म्हणून गाडीने अलाबामाला येतं, अशी कादंबरी. संध्याकाळी मी पोळ्या करत असताना ती ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून मोठ्याने वाचायची आणि धाकटा टेबलाखाली गाड्या फिरवत ऐकायचा. सुरुवातीची कितीतरी पानं नुसती धमाल आहेत. थंडीत गाडीच्या आरशाला ओठ चिकटून बसलेला थोरला भाऊ ऐकून धाकटा इतका हसला की त्याला ठसका लागला. मला पुढचं माहीत होतं. सप्टेंबर जवळ येत चालला तसं माझं लाटणं हळू व्हायला लागलं. मग एका संध्याकाळी पुस्तकात चर्चमध्ये स्फोट झाला. त्या दिवशी धाकटी बहीण चर्चमध्ये गेलेली असते, आणि वाचते. लेकीने ती पानं घाईघाईने, जवळजवळ न थांबता वाचली. वाचून झाल्यावर धाकटा टेबलाखालून बाहेर आला, म्हणाला, "हे खोटं आहे ना?" ती मुलगी खोटी, ते कुटुंब खोटं, पण चर्च खरं, बॉम्ब खरा, आणि तिथे वारलेल्या चार मुली खऱ्या, हे त्याला सांगताना माझी गाळण उडाली. त्यावर त्याने जे विचारलं ते फक्त एवढंच, की ते चर्च किती लांब आहे.

अटलांटाहून अडीच तास. एवढ्या जवळ.

आम्ही स्प्रिंग ब्रेकमध्ये तिकडे चाललोय असं पाडव्याच्या कार्यक्रमात कुणाला तरी सांगितलं, तर "एवढ्या लहान मुलांना कशाला असलं दाखवता?" असं दोघीतिघींनी मनापासून विचारलं. काळजीच होती ती, आणि मला तिचा राग आला नाही. माझ्याही पोटात तीच काळजी होती. पण उत्तर शोधताना माझ्या डोळ्यांसमोर स्टोन माउंटन आला. अटलांट्यातली सगळी मराठी मंडळी मुलांना घेऊन तिथे जातात, आम्हीही जातो. डोंगर चढतो, खाली उतरून डबे उघडतो, थालीपीठ-दही खातो. समोरच्या उघड्या कड्यावर घोड्यांवर बसलेले तीन प्रचंड पुरुष कोरलेले आहेत. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचा अध्यक्ष आणि त्याचे दोन सेनापती. ते काम पूर्ण झालं १९७२ मध्ये. कृष्णवर्णीयांवर हल्ले करणारी गोऱ्यांची संघटना, कू क्लक्स क्लान, १९१५ साली याच डोंगरावर पुन्हा उभी राहिली. त्या घोड्यांखाली सतरंजी पसरताना कुणीच कुणाला विचारत नाही, की एवढ्या लहान मुलांना कशाला असलं दाखवता. इथे मूल वाढवायचं तर यातलं काही ना काही त्याच्या नजरेला पडणारच आहे. प्रश्न एवढाच उरतो, की कुणाच्या बाजूने दाखवलेलं आधी पडावं.

एप्रिलचा पहिला आठवडा होता, गाडीवर परागकणांची पिवळी पूड बसलेली, धाकट्याने बोटाने मागच्या काचेवर डायनासोर काढला होता. अलाबामाची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं, त्याचंच त्याला सगळ्यात अप्रूप. "आपण आत्ता अजून निघालोच नाही!" असं तो ओरडत राहिला.

पार्कात शिरलं की एक पायवाट दोन भिंतींमधून जाते आणि त्या भिंतींमधून धातूचे कुत्रे अंगावर येतात. दात विचकलेले, साखळ्या ताणलेल्या, छातीच्या उंचीवर. वाट मुद्दामच अरुंद ठेवली आहे, अंग चोरल्याशिवाय पार होता येत नाही. मी अंग चोरलं. मुलं मात्र खेळायला लागली. धाकटा कुत्र्यावर भुंकला, मग त्याच्या तोंडात मूठ घालून "चावला, चावला" करत पळाला. मागून एक कृष्णवर्णीय आजोबा आपल्या नातीला घेऊन येत होते. मी संकोचून मुलाला हाक मारायला गेले, तर तीही नात नेमकं तेच करत होती आणि आजोबा शांतपणे तिचा फोटो काढत होते. आमची नजरानजर झाली. ते किंचित हसले. मला काय वाटलं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. ज्या कुत्र्यांनी मुलांचे कपडे आणि कातडी फाडली, त्यांच्या जबड्यात आज एक मूल हात घालतंय आणि खिदळतंय, हे चांगलं की वाईट? त्या क्षणी तरी मला ते चांगलं वाटलं.

कारण ती मुलंच होती. हे लेकीला पुस्तकातून नीटसं कळलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही वर्णभेदाविरुद्धचा मोर्चा म्हटला की मोठी माणसंच दिसायची. बर्मिंगहॅममध्ये मोठ्यांनी तुरुंगात जायचं तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली, घराचं भाडं थकलं. मुलांना गमवायला नोकरी नव्हती. म्हणून २ मे १९६३ ला शाळेतली मुलं वर्गांतून उठून चालू लागली. रेडिओवरच्या निवेदकांनी त्यांना सांकेतिक भाषेत निरोप दिले होते. सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चच्या दारातून ती गटागटाने, गात बाहेर पडली आणि समोरच्या याच पार्काजवळ पोलिसांच्या गाड्यांत चढली. पहिल्याच दिवशी शेकड्यांनी पकडली गेली. दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्त बुल कॉनरने अग्निशामक दलाचे पाइप सोडायला लावले, कुत्रे सोडायला लावले. तुरुंग भरले तेव्हा मुलांना जत्रेच्या मैदानावर डांबलं. ऑड्री फे हेंड्रिक्स नावाची मुलगी नऊ वर्षांची होती, ती आठवडाभर कोठडीत राहिली, आईबापांच्या संमतीने. लेकीने लगेच हिशेब केला: माझ्यापेक्षा दीड वर्षाने लहान. "तू मला जाऊ दिलं असतंस?" मी म्हटलं, "माहीत नाही." तिला ते उत्तर आवडलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण ऑड्रीच्या आईने होकार दिला तेव्हा तिच्या मनात काय झालं असेल, हे नऊ-दहा वर्षांच्या मुलीची आई झाल्याशिवाय कळण्यासारखं नाही. आणि चार महिन्यांनी, जिथून ही मुलं निघाली त्याच चर्चच्या पायऱ्यांखाली डायनामाइट ठेवलं गेलं, तेव्हा त्या शहरातल्या प्रत्येक आईला आपण दिलेल्या होकाराची आठवण झाली असेल.

१५ सप्टेंबर १९६३, रविवार, सकाळी १० वाजून २२ मिनिटं. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या तिघी चौदा वर्षांच्या. डेनिस मॅकनेअर अकरा. तळघरातल्या मुलींच्या खोलीत त्या तयार होत होत्या. त्या दिवशीच्या संडे स्कूलच्या धड्याचा विषय होता, क्षमा करणारं प्रेम. चर्चच्या आत आम्ही गेलो तेव्हा मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास येत होता, गालिच्यामुळे पावलांचा आवाज होत नव्हता. वर, मागच्या गॅलरीत एक निळी-जांभळी काच आहे. सावळा येशू, दोन्ही हात पसरलेले, एका हाताने अन्याय दूर लोटणारा, दुसऱ्याने क्षमा देणारा. स्फोटानंतर वेल्समधल्या एका वर्तमानपत्राने वर्गणी काढली आणि अट घातली की कुणीही अर्ध्या क्राउनपेक्षा, म्हणजे तिथल्या एका नाण्यापेक्षा, जास्त द्यायचं नाही, म्हणजे एखाद्या श्रीमंताला सगळी रक्कम भरून टाकता येणार नाही. जॉन पेट्स या कलावंताने ती खिडकी घडवली, १९६५ मध्ये ती बसली. हजारो मैलांवरच्या शाळकरी पोरांची नाणी त्या काचेत आहेत. आपल्याकडे गणपतीची वर्गणी घेताना कुणाचं नाव किती मोठ्या अक्षरात फलकावर लागेल याचा घोळ मी लहानपणापासून पाहिलाय, त्यामुळे ती अट मला त्या काचेइतकीच सुंदर वाटली.

"पकडलं का त्यांना?" धाकटा कुजबुजला. चर्चमध्ये हळू बोलायचं असतं हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. पकडलं, मी म्हटलं. कधी? आणि इथे माझी जीभ अडखळली. संशयितांची नावं तपास यंत्रणेकडे दोनेक वर्षांतच होती. पहिल्याला शिक्षा झाली १९७७ मध्ये. दुसऱ्याला २००१ मध्ये. तिसऱ्याला २००२ मध्ये. चौथा १९९४ मध्ये वारला, त्याच्यावर कधी खटलाच भरला गेला नाही. दुसऱ्याला शिक्षा सुनावली तेव्हा डेनिस पन्नाशीला टेकली असती. धाकट्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग इतकी वर्षं ते काय करत होते?" कामाला जात होते, म्हटलं मी. घरी येत होते. जेवत होते. मुलांच्या गोष्टींमध्ये दुष्ट माणूस शेवटी दरीत पडतो. पोटभर जेवून म्हातारा होणारा दुष्ट माणूस त्याच्या ओळखीचा नव्हता. गाडीत बसेपर्यंत तो गप्प होता.

तर पाचवी मुलगी.

ती खरीच होती. कादंबरीतल्या मुलीशी तिचा संबंध नाही. सारा कॉलिन्स, ॲडीची धाकटी बहीण, वय बारा. स्फोट झाला तेव्हा ती त्याच खोलीत बेसिनपाशी उभी होती. ॲडी डेनिसच्या फ्रॉकचा पट्टा बांधत होती हे जगाला माहीत आहे ते साराने पाहिलं म्हणून. शिल्पातली गुडघ्यावर बसलेली मुलगी म्हणजे साराची आठवण आहे. त्यानंतर तिने धुरळ्यात बहिणीला हाका मारल्या, पुन्हा पुन्हा. तिचा उजवा डोळा गेला. चेहऱ्यात काचा घुसल्या. पुढे तिने कारखान्यात काम केलं, लोकांच्या घरी साफसफाई केली, २००१ च्या खटल्यात साक्ष दिली. अलाबामाच्या राज्यपालांनी तिची माफी मागितली ती २०२० मध्ये, स्फोटानंतर सत्तावन्न वर्षांनी. हे सगळं मी रात्री हॉटेलात, मुलं झोपल्यावर, फोनच्या उजेडात पुन्हा वाचलं. लेकीचं वाक्य खरं होतं. वाचली, म्हणून ती इथे नाही. गेलेल्यांचं वय थांबतं, त्यांना ब्राँझमध्ये ओतता येतं, पट्टा कायमचा बांधला जात राहतो. वाचलेल्या बाईला मात्र औषधांची बिलं येतात. शिल्पावर कबुतरं सहा आहेत, कारण त्याच दिवशी बर्मिंगहॅममध्ये दोन मुलगे गोळीला बळी पडले: सोळा वर्षांचा जॉनी रॉबिन्सन पोलिसाच्या, आणि तेरा वर्षांचा व्हर्जिल वेअर, भावाच्या सायकलच्या हँडलवर बसून चालला असताना, एका गोऱ्या पोराच्या. धाकट्याने ती सहा बरोबर मोजली होती. सकाळी मी दोघांना साराबद्दल सांगितलं. लेक म्हणाली, "म्हणजे लेखकाने तिला वाचवलं नाही. ती वाचलीच होती."

दुसऱ्या दिवशी समोरच्या सिव्हिल राइट्स इन्स्टिट्यूटमध्ये गेलो. तिथे पाण्याचे दोन नळ शेजारी शेजारी आहेत, एकावर गोऱ्यांसाठी, दुसऱ्यावर 'कलर्ड' लोकांसाठी असं लिहिलेलं. मुलं अशा ठिकाणी मोठ्या गोष्टींपाशी थांबत नाहीत. त्यांना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. बर्मिंगहॅममध्ये गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एकत्र पत्ते किंवा सोंगट्या खेळणं हा गुन्हा होता, तसा नगराचा लेखी कायदाच होता. आणि न्यायालयाने बागा सगळ्यांना खुल्या करा म्हटल्यावर १९६२ मध्ये शहराने बागाच बंद करून टाकल्या. म्हणजे झोपाळे कुणालाच नाहीत. धाकट्याला हे काही केल्या समजेना. गोऱ्या मुलांनाही नाहीत? नाहीत. मग ती मुलं रडली नाहीत का? त्याचा चेहरा खरोखर कळवळलेला होता, आणि मी त्याला जवळ घेतलं, कारण द्वेष कसा चालतो हे त्याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

लेक नळांपाशीच उभी होती. "आई, आपण कुठल्या नळाचं पाणी प्यायलो असतो?" तिने विचारलं खरं, पण तिचं उत्तर ठरलेलं होतं. इतके आठवडे ती त्या कुटुंबाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून प्रवास करत होती, तिची जागा तिथेच होती. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. १९४१ मध्ये आपल्या स्वातंत्र्यलढ्यातल्या कमलादेवी चट्टोपाध्याय अमेरिकेच्या दक्षिणेतून आगगाडीने चालल्या होत्या. तिकीट तपासनीसाने त्यांना गोऱ्यांच्या डब्यातून उठायला सांगितलं. त्या भारतीय आहेत हे कळल्यावर तो नरमला. तर त्यांनीच त्याला बजावलं, की मी कलर्डच आहे आणि मी उठणार नाही. म्हणजे सुटकेची वाट समोर होती आणि त्यांनी ती घेतली नाही. दुसरी गोष्ट राम मनोहर लोहियांची. मे १९६४ मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन गावी त्यांना एका कॅफेटेरियात शिरू दिलं नाही, अटक झाली. नंतर सरकारने दिलगिरी व्यक्त केली, तर ते म्हणाले, माफी मागायची तर स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची मागा. तेव्हा आपण कुठल्या नळाचं पाणी प्यायलो असतो हे नळावर लिहिलेलं नव्हतं, आपल्याला ठरवावं लागलं असतं. आणि १९६५ च्या ज्या कायद्यामुळे आपल्यासारख्यांना या देशाचं दार उघडलं, तोही याच चळवळीच्या रेट्यात झाला. लेकीने मान डोलावली. कमलादेवी तिला फार आवडल्या.

पण मी तिला अर्धंच उत्तर दिलं होतं, हे त्या नळांसमोर उभं असतानाच मला कळत होतं. मी माणगावची. आईचं माहेर खेडला. लहानपणी प्रत्येक सुट्टीत महाडवरून जायचो. एस.टी. महाडच्या स्टँडवर थांबायची, अण्णा खिडकीतून गरम वडे घ्यायचे, कागद तेलाने पारदर्शक व्हायचा, आणि गाडी सुटायची. तिथून चालत जाण्यासारख्या अंतरावर चवदार तळं आहे. पाठ्यपुस्तकात धडा होता, त्यावर दोन मार्कांचा प्रश्न होता. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेने तो १९२४ मध्ये स्वीकारला, आणि तरी कुणाला त्या तळ्याला हात लावता आला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तिथे गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, आणि मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. बर्मिंगहॅममध्ये झोपाळे बंद केले, महाडमध्ये पाण्यात शेण कालवलं. महाडच्या बाबतीत लेकीने तोच प्रश्न विचारला असता तर कमलादेवींच्या मागे उभं राहण्याची सोय नव्हती. माझे पणजोबा त्या तळ्यावर केव्हाही जाऊन घागर भरू शकणाऱ्यांपैकी होते. ते तसे गेले का, कुणाच्या बाजूने बोलले का, की दार लावून घरात बसले, हे आमच्या घरात कधी कुणी सांगितलं नाही. कादंबरी आपल्याला ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या घरात नेऊन बसवते, हे तिचं फार मोठं काम आहे, आणि त्याबद्दल मी त्या पुस्तकाची ऋणी आहे. पण गावं तशी बसवत नाहीत. गावात आपलं घर कुठल्या आळीत आहे ते आधीच ठरलेलं असतं.

परतताना, घड्याळ पुन्हा एक तास पुढे गेल्यावर, मी हे सगळं मुलांना सांगितलं. लेकीने बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "तळं अजून आहे?" आहे. "पाणी आहे?" आहे. घरी आल्यावर शनिवारी नेहमीसारखा अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, तर हिने हाय-हॅलो न करता थेट विचारलं, "आजोबा, तुम्ही चवदार तळ्यावर गेलायत?"

अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. मला वाटलं, विषय टाळतील. ते सावरून बसले. "वीस मार्चला जादा गाड्या सुटायच्या, त्यावर माझी ड्युटी लागायची," ते म्हणाले. "पांढऱ्या कपड्यांतली माणसं यायची, कुठून कुठून, मराठवाड्यातून. भाकऱ्या बांधून आणलेल्या. म्हाताऱ्या बायका असायच्या, तान्ही पोरं असायची. रात्रभर प्रवास केलेला, पण कोणी वैतागलेलं नाही. तिकिटाला सुट्टे पैसे मोजून हातात तयार." एवढी वर्षं हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं. "मग तुम्ही प्यायलात ते पाणी?" लेकीने विचारलं. "नाही गं बाळा. मी स्टँडवरच थांबायचो, गाडीपाशी." गाडी सोडून जायची परवानगी नसेल असं मला वाटलं, तसं मी बोललेही. अण्णा म्हणाले, "होती की. तासदीडतास असायचा मधे. आमच्यातलं कुणी जात नव्हतं."

लेक फोन दोन्ही हातांत धरून बसली होती. पुढच्या वर्षी आपण जाऊ, ती म्हणाली, तुम्ही, मी आणि हा. वीस मार्चलाच. अण्णा म्हणाले, ये, जादा गाडीनेच जाऊ, माणगावहून उभ्यानेच जावं लागेल, चालेल ना? मी मधे पडले, की मार्चात तुम्हाला सुट्टी नसते, स्प्रिंग ब्रेक एप्रिलात असतो.

"मग शाळा बुडवू," ती म्हणाली.